बाई म्हणतात "घरी लक्ष द्या", म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा चौथीत आहे. मराठी शाळा, सेमी-इंग्रजी, दुपारचं अधिवेशन. आम्ही भांडुपला राहतो. मी परळला एका दवाखान्यात कामाला आहे, मिस्टर रिक्षा चालवतात. पालकसभेला गेले की बाई सांगतात, वाचनात मागे आहे, गणितात चुका करतो, घरी लक्ष द्या. मी घरी पोचते रात्री साडेआठला. माझं शिक्षण सातवी. घरी सासूबाई असतात, त्यांना वाचता येत नाही. क्लास लावला, पण फरक पडला नाही. बाईंसमोर गेलं की काय बोलावं तेच सुचत नाही. आम्ही काय करायला हवं?"

ताई, मी मुंबईत मराठी शाळांमधून बत्तीस वर्षं शिकवलं. आधी लालबाग-परळ, मग विक्रोळी-भांडुपकडे. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. "घरी लक्ष द्या" हे वाक्य मीसुद्धा किती पालकांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. म्हणून आधी हे वाक्य कुठून येतं ते सांगते.

वर्गात चाळीस मुलं असली आणि प्रत्येकाच्या पालकांना पाच मिनिटं द्यायची म्हटली, तरी दोनशे मिनिटं होतात, म्हणजे साडेतीन तासांना थोडी कमी. पालकसभेला असतो तास, फार तर दीड तास. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण घातलं आहे, पण वर्गात नेमकी किती मुलं बसतात हे तुम्ही डोळ्यांनी बघताच. त्यात निवडणुकीची कामं, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं. अशा गर्दीत बाईंच्या तोंडून निघतं ते तीन शब्दांचं वाक्य. तो तुमच्यावर ठेवलेला ठपका नव्हे. बाईंना तुमच्या मुलाबद्दल काहीतरी दिसलेलं असतं, पण उलगडून सांगायला वेळ नसतो. आणि त्या वाक्याचा अर्थ तुम्ही "मी शिकवायला कमी पडते" असा लावून घेता. तसा तो लावू नका. शिकवणं हे शाळेचं काम आहे. तुमचं काम वेगळं आहे, आणि ते तुमच्या जागी दुसरं कुणीच करू शकत नाही.

ते काय, हे मला एका पालकांनी शिकवलं.

विक्रोळीला टेकडीवरच्या वस्तीतली मुलं माझ्या वर्गात होती. सकाळची शाळा. दिवाळीनंतर तीन मुलं पहिल्या तासाला पेंगायला लागली. एक तर चक्क दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा. मी उठवायचे, उभं करायचे. तिघांच्याही वहीत लाल शाईनं लिहिलं, "वर्गात लक्ष नसते. आळस करतो." तिघं एकाच गल्लीतले आहेत, हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. महिन्याभरानं त्यातल्या एकाची आई मधल्या सुट्टीत येऊन दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "बाई, आमच्याकडे पाण्याची वेळ बदललीय. पहाटे तीनला येतं. मी एकटी, हंडे चढावर न्यायचे, म्हणून त्याला उठवते. तो आळशी नाही हो." एवढंच बोलून ती कामाला निघून गेली.

माझ्या लाल शाईची मला लाज वाटली. पाण्याची वेळ मी काही बदलू शकत नव्हते. पण त्या दिवसापासून तिघांचं वाचन मी मधल्या सुट्टीनंतर घ्यायला लागले आणि पहिल्या तासाला त्यांना फळा पुसणं, वह्या वाटणं अशी उभ्यानं करायची कामं दिली. महिनाभर मला जे कळलं नव्हतं, ते त्या बाईच्या दोन वाक्यांनी कळलं. तिचं शिक्षण किती होतं, मी कधी विचारलं नाही.

शिक्षकाला मूल दिसतं ते दिवसाचे पाच-सहा तास, आणि तेही चाळिसांतलं एक म्हणून. ते झोपतं कधी, खातं काय, कुणाला घाबरतं, घरात आजारपण आहे का, वडिलांचं काम सुटलं आहे का, गावाहून आल्यापासून गप्प आहे का, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. उलट वर्गात तो कुणाशेजारी बसतो, कुठल्या तासाला खुलतो, कुठे अडतो, हे फक्त बाईंना माहीत असतं. दोघींकडे अर्धी अर्धी माहिती. ती एकमेकींना सांगणं, यालाच मी शाळेला साथ देणं म्हणते.

आता तुमच्या मुलाच्या वाचनाकडे येते. वाचता न येणाऱ्या सासूबाई आणि रात्री दमून आलेल्या तुम्ही, वाचन कसं घेणार? याचंही उत्तर मला एका आईनंच दिलं.

मी लालबागला लागले तेव्हा गिरणी संप होऊन सात वर्षं झाली होती. १९८२ च्या संपानंतर कितीतरी घरांत वडील बसून आणि घर आईच्या खानावळीवर, अशी स्थिती होती. तिसरीतल्या एका मुलाची आई अशीच खानावळ चालवायची. तिला अक्षरओळख नव्हती. मी तिलाही तेच सांगितलं होतं, घरी वाचून घ्या. तिनं कसं घेतलं ते ऐका. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला बसली की मुलगा समोर बसून मोठ्यानं वाचायचा. हात पिठात, पण कान मुलाकडे. तो जिथे थांबला, चाचरला, किंवा एखादा शब्द गिळून पुढे गेला, तिथे ती म्हणायची, "ठेव ठिपका." मुलगा त्या शब्दाखाली पेन्सिलनं ठिपका काढून पुढे वाचायचा. पेन्सिलनंच, कारण पुस्तक वर्ष संपल्यावर अर्ध्या किमतीत द्यायचं असायचं.

एके दिवशी वर्गात त्याचं पुस्तक माझ्या हातात आलं. पानभर ठिपके. आधी मला वाटलं, पोरानं पुस्तक खराब केलंय. मग शब्द वाचत गेले: सूर्य, पर्वत, गर्दी, मार्ग, वर्ष. सगळे रफाराचे शब्द! प्रकाश, चक्र, चंद्र यांच्याखाली ठिपका नव्हता. म्हणजे पोराचं सगळं वाचन कच्चं नव्हतं, त्याला फक्त रफार कळला नव्हता. डोक्यावरचा र आधी उच्चारायचा की नंतर, इथे तो अडत होता. पंधरा दिवस पाटीवर रोज दहा शब्द घेतले. ठिपके कमी झाले. मी वर्गात चाळीस मुलांचं वाचन ऐकून जे हेरलं नाही, ते एका निरक्षर आईच्या कानानं हेरलं होतं.

तुमच्या घरी हे उद्यापासून होऊ शकतं. सासूबाईंना सांगा, फक्त ऐका. थांबला की ठिपका. शब्द बरोबर की चूक हे ठरवायची गरज नाही, रागवायची तर मुळीच नाही. शनिवारी ते पुस्तक बाईंना दाखवा. "वाचनात मागे आहे" यावर कुणाला काही करता येत नाही. "जोडाक्षराला थांबतो" किंवा "ओळ संपली की पुढची ओळ सापडत नाही" यावर बाई सोमवारीच काहीतरी करू शकतात.

घरात आणखी एक गोष्ट तपासून पाहा. दुसरीचं मराठीचं बालभारतीचं पुस्तक मिळवा, शेजारच्या मुलाचं घ्या किंवा ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घ्या. त्यातला एक छोटा उतारा त्याला वाचू द्या. तो सहज वाचत असेल तर काळजी थोडीच आहे. तिथेही अडत असेल, तर चौथीचं पुस्तक त्याच्यापुढे रोज उघडणं म्हणजे त्याला रोज हरवणं आहे. मग दुसरीच्या पुस्तकापासूनच चढत जायचं. यात कमीपणा नाही. प्रथम ही संस्था मुंबईच्या वस्त्यांमधूनच १९९५ मध्ये सुरू झाली. तिच्या असर पाहणीत मुलांची वाचनपातळी अशीच बघतात: अक्षर, शब्द, छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठल्या इयत्तेत बसतं यापेक्षा ते यातल्या कुठल्या पायरीवर उभं आहे, हे आधी बघायचं.

वेळेचं म्हणाल, तर मला रात्री साडेआठची चिंता नाही. दुपारच्या शाळेची मुलं रात्री अकरा-साडेअकराला झोपतात, सकाळी नऊला उठतात, आंघोळ, जेवण आणि मोबाइल यांत साडेअकरा वाजवतात आणि शाळेला पळतात. सकाळचा सगळ्यात ताजा वेळ असाच जातो. मुंबईत अशी हजारो मुलं आहेत. तुम्ही परळला पोचायचं म्हणजे साडेसात-पावणेआठला घर सोडत असाल. त्याला साडेदहाला झोपवा, पावणेसातला उठवा, आणि तुम्ही डबा भरत असताना पंधरा मिनिटं त्याला तुमच्याजवळ बसून वाचू दे. रात्रीचा अभ्यास बंद. रात्री फक्त गप्पा: आज कुणाशेजारी बसलास, कुठला तास आवडला, कोण रडलं? मारूनमुटकून घेतलेल्या रात्रीच्या दोन तासांपेक्षा सकाळची पंधरा मिनिटं जास्त कामाची, हे मी असंख्य मुलांत पाहिलं आहे.

गणिताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सेमीच्या मुलांची एक अडचण घरच्यांच्या लक्षातच येत नाही, आणि पुष्कळदा शिक्षकांच्याही. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच, मग वीस. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह, आधी वीस, मग पाच. घरी पंचवीस ऐकणारं मूल शाळेत ट्वेंटी फाइव्ह ऐकतं आणि लिहिताना ५२ लिहून मोकळं होतं. त्यात आपले एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद! एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी, हे कुणी समजावलंच नसेल तर मूल ९९ लिहितं किंवा ९१. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. वादात कुणाची बाजू काहीही असो, अडचण खरी आहे. तेव्हा वही उघडून बघा. उत्तर चुकलंय ते रीत न आल्यामुळे, की आकडाच उलटा लिहिल्यामुळे? आकडे उलटत असतील तर बाईंना नेमकं हेच सांगा.

आणि हे काम मिस्टरांना द्या. त्यांच्याकडे रोज गणित चालतं. "भाडं झालं एकोणनव्वद, पॅसेंजरनं दोनशेची नोट दिली, परत किती द्यायचे?" मुलानं तोंडी एकशे अकरा सांगितलं, की मग कागदावर मांडायला लावायचं. तोंडी येतं आणि मांडता येत नाही, किंवा मांडता येतं पण शून्यातून वजा करताना अडतो, यातलं काय होतंय ते त्यांना दोन दिवसांत कळेल. आमच्याकडे पालकसभेला वडील फार क्वचित यायचे, आले तरी मागच्या बाकावर गप्प बसायचे. आकडे ज्यांच्या बोटांवर खेळतात असे कितीतरी बाप मी गप्प बसलेले पाहिले. मिस्टरांना एकदा तरी बाईंना भेटू द्या. आणि इंग्रजी शब्दांची भीती बाळगू नका. बाईंकडून त्या महिन्यातल्या धड्याचे दहा-बारा शब्द मराठी अर्थासह लिहून मागा. ते फ्रिजवर किंवा दारामागे चिकटवा. मुलाला सांगा, मला मराठीत समजावून सांग. मराठीत समजावता आलं तर त्याला गणित कळलंय.

क्लासविषयी माझं मत स्पष्ट आहे. तुमचा अनुभव मी हजारदा ऐकला आहे. एका खोलीत पहिली ते आठवीची वीस मुलं आणि तासाभरात सगळ्यांचा गृहपाठ उरकणं, एवढंच बहुतेक ठिकाणी होतं. वही पूर्ण होते, आणि पूर्ण वही बघून बाईंना वाटतं, येतंय. मूल जिथे अडतं ती जागा झाकली जाते. गृहपाठात चुका राहू द्या, ताई. त्या चुका बाईंनी बघायच्या असतात. येत नसलेल्या गणितापुढे पेन्सिलनं "आले नाही" लिहून पाठवा. आणि शाळेतल्याच कुणी स्वतःचा खासगी क्लास लावायला सुचवलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, हे ठाऊक असू द्या.

प्रगतिपुस्तक हातात आलं की आपण काय बघतो? श्रेणी. ब-१ आहे की क-२. मी इतकी वर्षं वर्णनात्मक नोंदी लिहिल्या, "विशेष प्रगती", "आवड, छंद", "सुधारणा आवश्यक". पालकांच्या नजरा त्यांवरून घसरून श्रेणीवर थांबायच्या. काही शिक्षक त्या नोंदी ठरावीक लिहितात, हे खरं आहे. पण पुढच्या भेटीत तुम्ही बोट ठेवून विचाराल, "बाई, इथे 'शब्दांचे अचूक वाचन करावे' असं आहे, म्हणजे कोणते शब्द?" तर त्यानंतर तुमच्या मुलाच्या नोंदी नेमक्या होतील. विचारणारे पालक असले की आम्हीही जास्त बारकाईनं बघतो. मी स्वतःवरून सांगते.

आता बाईंशी बोलायचं कसं. पालकसभेच्या गर्दीत बोलू नका. मी दुसरीला शिकवत असताना भर सभेत एका वडिलांना सांगितलं, "हा मुलांच्या वस्तू उचलतो." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी पोराच्या कानाखाली वाजवली. सगळ्या पालकांसमोर, सगळ्या मुलांसमोर. खोडरबर होतं ते, दोन रुपयांचं. मूल रडलं नाही, माझ्याकडे बघत राहिलं. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी मोकळेपणानं बोललं नाही. चूक माझी होती. त्या दिवसानंतर मी कुठल्याही मुलाची तक्रार चारचौघांत केली नाही.

तेव्हा वेगळी वेळ मागा. एका चिठ्ठीवर लिहा: "बाई, मला मुलाविषयी दहा मिनिटं बोलायचं आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर किंवा तुम्ही सांगाल तेव्हा येते. तक्रार नाही." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. पालक वेळ मागतात ते भांडायलाच, असा शिक्षकांचाही अनुभव असतो. भेटीला जाताना ठिपक्यांचं पुस्तक आणि गणिताची वही न्या. बसल्यावर आधी तुम्ही बघितलेलं सांगा: सकाळी वाचायला लागलाय, जोडाक्षराला थांबतो, शिवछत्रपतींचे धडे मात्र न बघता सांगतो. मग विचारा, वर्गात तो कुठे बसतो, हात वर करतो का, डब्याच्या वेळी कुणाबरोबर असतो? आणि उठताना विचारा, "या महिन्यात आम्ही घरी एकच गोष्ट करायची तर कोणती?" एकच. बाई चार सांगायला लागल्या तर म्हणा, आधी कुठली? महिन्याभरानं पुन्हा दोन मिनिटं भेटा आणि ती झाली की नाही ते खरं खरं सांगा. नाही झाली तरी सांगा. मुलाला भेटीतलं काय सांगायचं हेही बाईंशी ठरवून घ्या, म्हणजे घरी आल्यावर "काय म्हणाल्या बाई?" या प्रश्नाला तुम्ही गडबडणार नाही. आधी चांगलं सांगा. खोटं नको. प्रत्येक मुलात सांगण्यासारखं असतंच.

व्हॉट्सअ‍ॅपचा वर्गाचा ग्रुप सूचनांपुरता ठेवा. स्वतःच्या मुलाचं किंवा दुसऱ्याच्या मुलाचं काही त्यावर लिहू नका. रात्री अकराला बाईंना मेसेज करणंही टाळा. त्यांच्याही घरी मुलं आहेत, आणि बऱ्याच जणी बदलापूर-विरारहून येतात.

गावाला जाताना मात्र आवर्जून कळवा. कोकणातली आमची मुलं गणपतीला दहा-बारा दिवस जायची. परत यायची तोवर वर्गात भागाकार सुरू झालेला असायचा, आणि मूल तिथून मागे पडायचं ते मागेच. जाण्याआधी बाईंना विचारा, या दिवसांत काय होणार आहे? पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडला की त्या धड्याची चित्रफीत बघता येते. आणि गावाहून आल्यावर त्यानं तिथे काय केलं तेही सांगा. एका मुलानं आजोबांबरोबर भाताचं लोंबीपर्यंतचं सगळं बघितलेलं असायचं. परिसर अभ्यासाचा तो तास मी त्यालाच घ्यायला लावला होता.

एक गोष्ट जपून सांगते. महिना-दोन महिने रोज वाचूनही ठिपके तेवढेच राहिले, अक्षरं उलटी लिहिणं चालूच राहिलं, तोंडी सगळं येतं पण लिहिताना काहीच उतरत नाही असं दिसलं, तर तो मुद्दाम करत नाही हे आधी मनाशी ठरवा. डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतर अध्ययन अक्षमता आहे का, याची तपासणी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत होते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास विभाग आहे, नायरलाही होते. तुम्ही दवाखान्यात काम करता, तिथल्या डॉक्टरांनाही विचारू शकाल. फेऱ्या माराव्या लागतात, वेळ लागतो. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मी अशी मुलं पाहिली आहेत जी दहावीपर्यंत "मठ्ठ" म्हणून मार खात राहिली. त्यांची आठवण मला आजही अस्वस्थ करते. शंका आली तर बाईंकडून वर्गातल्या निरीक्षणाची चिठ्ठी मागून घ्या, डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

पाचवीचं एक ध्यानात ठेवा. २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. घाबरवायला सांगत नाही. चौथीचे हे महिने हातात आहेत, एवढ्यासाठी सांगते.

शाळेत तुम्हाला बोलण्याचा हक्कही आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य महिला हव्यात, असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात सही करून चहा पिऊन येणारे सदस्य बरेच. पण विक्रोळीच्या आमच्या शाळेत समितीतल्या तीन बायकांनी मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसवून घेतली, आणि त्यानंतर पाचवी-सहावीच्या मुलींची गैरहजेरी कमी झाली. आम्ही शिक्षकांनी ते दोन वर्षं नुसतं पत्रात लिहिलं होतं. जमलं तर नाव द्या.

आणि बाईंचंच चुकत असेल तर? मारत असतील, "तू ढब्बू आहेस" असं वर्गात म्हणत असतील, तर गप्प बसू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. आधी मुलाचं शांतपणे ऐका, तारीख लिहून ठेवा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे काही झालं नाही तर महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण विभागाचे तुमच्या वॉर्डातले अधिकारी, खासगी अनुदानित शाळेसाठी शिक्षण निरीक्षक. मूल घाबरलेलं असेल किंवा प्रकार गंभीर असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. मुलाला मात्र घरात बसून "तुझ्या बाईच वाईट" असं सांगू नका. त्याला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं.

तुमच्या पत्रावरून असं काही वाटत नाही. तुमच्या बाईंना त्याचं वाचन आणि गणित वेगवेगळं दिसलेलं आहे, म्हणजे त्या बघतात. सासूबाईंना आजच ठिपक्यांचं सांगा, आणि पेन्सिल टोक करून पुस्तकात ठेवा. दोन आठवड्यांचे ठिपके जमले की चिठ्ठी पाठवा. पहिल्या सत्राची संकलित चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी होते. तिच्या आधी एकदा भेटा, आणि चाचणीनंतर तपासलेला पेपर हातात घेऊन एकदा.